शेपटीकडचं मीठ

मीठ किती घालायचं हे सुचेताला कधी कुणी शिकवलं नाही. हर्णैच्या बंदरावर नऊ वर्षांची असताना ती आईशेजारी बसून मासे चिरायची, पोटातली घाण काढायची आणि मुठीतून मीठ सोडायची. आईची मूठ मोठी, हिची एवढीशी. तरी दापोलीच्या बाजाराला सुकी मासळी नेणारी माणसं पाटीत बोट घालून विचारायची, "यातली पोरीच्या हातची कुठली? ती आधी द्या." सुचेताच्या माहेरी, पावश्यांच्या घरात, तीन पिढ्या मासळी खारवतात आणि तीन पिढ्यांत एकही पाटी परत आलेली नाही. खोटं वाटत असेल त्यानं हर्णैला जाऊन विचारावं. सुचेता दहावीला गणितात आपटली, इंग्रजीत जेमतेम निघाली. पण तिला नापास करणारे मास्तरच तिच्या हातचा खारा बांगडा कागदात बांधून घरी न्यायचे, आणि पेपर तपासताना मात्र ओळख दाखवायचे नाहीत.

अशा बाईला टोकियोत, सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात, सांगण्यात आलं की तुझ्या मिठानं माल बिघडला, आता काळे कपडे घालून ये आणि मान वाकव. हे सगळं पहिल्यापासून नीट सांगितलं पाहिजे, कारण तिथे ते कुणीच नीट सांगितलं नाही.

तिचा नवरा पंढरीनाथ चोगले मुंबईच्या एका बँकेत. चौऱ्याण्णवला त्याची बदली टोकियोच्या शाखेत झाली. माणूस चांगला, पण आवाज खालचा. ओजिमाला सरकारी वसाहतीत आठव्या मजल्यावर घर मिळालं. तिथे पहिल्या उन्हाळ्यात सुचेतानं बांगडे आणले, चिरले, मीठ लावलं आणि गॅलरीत दोरीवर लावले वाळत. दोन दिवसांत खालच्या मजल्यावरची म्हातारी, मोरिता-सान, दारात उभी. तिकडे नावापुढे सान लावतात, आपल्या राव-बाईंसारखं. वासाची तक्रार घेऊन आली होती. पंढरीनाथ दारातच चार वेळा वाकला. सुचेता वाकली नाही. आत गेली, एक बांगडा भाजून आणला आणि बशी म्हातारीच्या हातात दिली. म्हातारीनं उभ्याउभ्याच खाल्ला, काटा चोखला, आणि जाताना आणखी चार वर्तमानपत्रात गुंडाळून नेले. तक्रार काय होती ते ती विसरलीच.

पंधरा दिवसांनी हीच मोरिता-सान तिला हाताला धरून कुरोसे-सान नावाच्या मालकाच्या मासळीच्या कारखान्यात घेऊन गेली.

कारखाना म्हणजे काय, कालव्याच्या कडेला तळमजल्यावर तेरा माणसांचं काम. नॉर्वेहून विमानानं पांढऱ्या थर्माकोलच्या खोक्यांतून ताजा सामन मासा यायचा. इथे त्याच्या दोन बाजू करायच्या, चिमट्यानं बारीक काटे उपसायचे, मीठ लावून रात्रभर ठेवायचा, धुवायचा, वाऱ्यावर सुकवायचा आणि मग थंड धुरात लटकवायचा. थंड धूर म्हणजे मासा शिजत नाही, फक्त धूर पितो. शेवटी लांब पात्याच्या सुरीनं कागदासारखे काप करून, पुन्हा माशाच्या आकारात जुळवून, सोनेरी पुठ्ठ्यावर मांडून पेटीत भरायचा. आपल्याकडे याला बघून कुणी रावस म्हणेल. म्हणू दे. सुचेतानं पहिल्या दिवशी एक बाजू हातात घेतली, बोटानं दाबली आणि स्वतःशीच म्हणाली, "हा रावस नव्हे. ह्याच्या अंगात तेलच तेल. ह्याला मीठ वेगळं लागणार."

पहिले सहा महिने तिला खोकी धुवायला ठेवलं. धुतली. मग काटे काढायला बसवलं. काढले. मग नॉर्वेहून हालवर नावाचा एक माणूस आला, माल पाठवणाऱ्या कंपनीचा. साडेसहा फूट उंच, लाल मान. जपानी माणसांना धुराचं काम शिकवायला तीन महिने राहिला. तो मोडक्या जपानीत बोलायचा, सुचेताही मोडक्या जपानीत बोलायची, म्हणून दोघांचं एकमेकांना सगळं कळायचं. त्याच्या आजोबांचं समुद्राकाठी लाकडी धुराचं घर होतं, छपरावर गवत उगवलेलं. हिवाळ्यात तिकडे महिनेच्या महिने सूर्य जेमतेम दिसतो, म्हणून उन्हाळ्यातला मासा मीठ आणि धूर देऊन टिकवायचा. जुन्या काळी नदीतला सामन म्हणजे बड्या लोकांचं खाणं. इंग्रज साहेब गळ घेऊन नद्या भाड्यानं घ्यायचे आणि गावच्या माणसानं नुसतं बघायचं. मग सत्तरच्या सुमारास समुद्रात पिंजरे टाकून लोक सामन पाळायला लागले आणि तो सगळ्यांच्या ताटात आला. ख्रिसमसच्या सकाळी हालवरची आई अंड्याच्या भुर्जीबरोबर धुराचा सामन वाढायची. तो ताटात नसला तर सण झाला असं त्यांना वाटत नाही.

"आमच्याकडे माशाशिवाय सण होतो," सुचेता म्हणाली, "पण दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं भरून काढतो."

हालवर खो खो हसला. त्यानंच तिला सांगितलं की जपानी लोक आपल्या समुद्रातला सामन कच्चा खात नाहीत, त्यात किडे असतात म्हणून. तो ते खारवतात आणि भाजून खातात. नॉर्वेवाल्यांनी वर्षानुवर्षं खेटे घालून त्यांना पटवलं की आमचा मासा वेगळा, हा भाजावा लागत नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात हालवरनं मिठाच्या टेबलापाशी आठ जणांना एकेक बाजू दिली. "लावा मीठ." दुसऱ्या दिवशी धुऊन, सुकवून, धूर देऊन, तिसऱ्या दिवशी डोळे मिटून त्यानं आठही जणांचे काप चाखले. पाचव्यापाशी थांबला. परत चाखला. मग मालकाला म्हणाला, "हा हात इथून हलवू नका." पाचवा हात सुचेताचा होता. दुसऱ्या कुणाचा असणार?

ती कसं लावायची ते सांगतो. माशाची मानेकडची बाजू जाड, शेपटीकडे पातळ. जाड भागावर मीठ भरपूर, पोटाकडे बेताचं, आणि शेपटीला नुसता ओला हात फिरवायचा. बघायला सोपं वाटतं. करून बघा.

त्या दिवसापासून मिठाचं टेबल तिचं झालं. कारखान्याची रीत अशी की मिठावर जो असेल त्यानं पॅकिंगच्या दिवशी प्रत्येक ट्रेमधला एक काप चाखायचा आणि ट्रेबरोबर पेटीत जाणाऱ्या चिठ्ठीवर आपला गोल लाल शिक्का मारायचा. जपानात सही कोण विचारतो, शिक्का पाहिजे. कुरोसे-सानांनी तिला जपानी अक्षरांत 'सुचेता' कोरलेला शिक्का करून दिला. तो बाकीच्यांच्या शिक्क्यांबरोबर टेबलाच्या खणात असायचा. निहोनबाशीतल्या ज्या मोठ्या दुकानाला कारखान्याचा माल जायचा, तिथला खरेदीचा माणूस दुसऱ्या वर्षी म्हणाला, "या शिक्क्याच्या पेट्या आम्हाला आधी पाठवा."

दापोलीचे व्यापारी आणि निहोनबाशीचे व्यापारी यांच्यात फरक काय? हे टाय लावतात.

पण हे सगळ्यांना सोसलं नाही. कारखान्यात ओकुमुरा म्हणून मुकादम होता, साठीला आलेला, बत्तीस वर्षांची नोकरी. त्याचा स्वतःचा धंदा वेगळाच होता. जपानात वर्षअखेरीला ज्यांच्या उपकारात आपण आहोत त्यांना भेट पाठवतात. साहेबाला, डॉक्टरला, मुलाच्या मास्तरांना. ओसेइबो म्हणतात. पूर्वी या भेटीत अख्खा खारवलेला सामन द्यायचे, गवताच्या दोरीनं बांधून. तो घराघरांत टांगलेला असायचा आणि नव्या वर्षापर्यंत थोडा थोडा कापून खायचे. ओकुमुरा हे अख्खे मासे खारवण्यात पटाईत होता. शेपटीकडून डोक्याकडे, खवल्यांच्या उलट, मीठ घासत न्यायचं, म्हणजे ते खवल्यांखाली शिरतं. हातात जोर लावून. पण शहरातल्या फ्लॅटात अख्खा मासा टांगायला जागा कुठे? लोकांना सोनेरी पेटीतला नॉर्वेचा धुराचा सामन आवडायला लागला. पाचेक वर्षांत ओकुमुराच्या हातचं काम गेलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत मिठाच्या टेबलावर एक परदेशी बाई उभी राहिली.

वाईट वाटण्यासारखंच आहे. पण वाईट वाटलं म्हणून माणसानं काहीही करावं?

डिसेंबरात मार्गशीर्ष लागला. सुचेता मार्गशीर्षातले गुरुवार धरते, लग्नाआधीपासून. घट मांडायचा, देवीची पूजा करायची आणि त्या दिवशी मासळी जिभेला लावायची नाही. हर्णैच्या बायका उपासाच्या दिवशीही बंदरावर दिवसभर मासे विकतात. हाताला चालतं, तोंडाला चालत नाही. आणि त्या दिवशी मिठाचं बघायचं झालं तर शेजारणीला सांगतात, "आज तू जरा चाख गं." शेजारीण चाखून 'बरं आहे' म्हणाली की तो शब्द तिचा. बिघडलं तर बोलणीही तिनंच खायची. यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

चार तारखेला पहिला गुरुवार. ती ओकुमुराला म्हणाली, "ओकुमुरा-सान, आज मी चाखणार नाही. तुम्ही चाखा."

"पोट बिघडलं?"

"देवीचा वार आहे."

"तुमच्या देवीला मासा आवडत नाही?"

"देवीला काय आवडतं ते देवी बघेल. मला आज चालत नाही."

"मग हात कसा लावता?"

"हात धुते की!"

ओकुमुरा नाकातून हसला. "आमच्या कारखान्यात आता देव सुट्ट्या द्यायला लागले." पण त्यानं चाखलं आणि आपला शिक्का मारला. माल चांगला गेला. सुचेताला वाटलं, झालं, यांना समजलं.

तिथेच ती चुकली. तिच्या लेखी तो शब्द ओकुमुराचा झाला होता. त्यांच्या लेखी मिठावरचं माणूस म्हणजे मिठावरचं माणूस. गुरुवार असो, नाहीतर घरात कुणी आजारी असो. शिक्का तिनं खणातच ठेवला. घरी नेला नाही. घरच्या माणसांत कुणी कुलूप लावतं का, असं तिला वाटलं.

नऊ तारखेला, मंगळवारी, ती नेहमीप्रमाणे तीनला निघाली, मुलीची शाळा सुटायची वेळ म्हणून. ती गेल्यावर दुकानाचा फोन आला: आणखी साठ पेट्या, शुक्रवारी सकाळी हव्यात. ओकुमुरानं बाह्या सरसावल्या. साठही बाजूंना मीठ त्यानं एकट्यानं लावलं. त्याला चार दिवस सर्दी होती, तोंडावर मास्क, नाक चोंदलेलं. गुरुवारी, अकरा तारखेला, सुचेतानं सकाळी सांगितलं, "आजही तुम्हीच चाखा हं, आणि तुमचा शिक्का." ती दिवसभर पुढच्या मालाला मीठ लावत राहिली, त्या साठ पेट्यांचे काप दुसऱ्या टेबलावर झाले. तीनला गेली. आणि नाक चोंदलेल्या माणसाला चव कळत नाही, हे त्या बत्तीस वर्षांच्या मुकादमानं कुणाला सांगितलं नाही. दुकानाला 'सुचेता' शिक्का लागतो ना? मग त्यानं खणातून तोच काढला आणि साठही चिठ्ठ्यांवर मारला.

सोमवारी अकरा पेट्या परत आल्या. भेट देणाऱ्याची नाचक्की म्हणजे काय हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. कुणीतरी आपल्या साहेबाला पेटी पाठवली होती, साहेबाच्या सासऱ्यानं पहिला घास तोंडात घातला आणि परत ताटात टाकला. पाठवणारा आता साहेबाला तोंड कसं दाखवणार? त्यानं दुकानाला पत्र लिहिलं, दुकानानं ते कारखान्याला पाठवलं.

मंगळवारी सकाळी मालकानं सुचेताला आपल्या खोलीत बोलावलं. तिथे मालकाला शाचो म्हणतात. कुरोसे शाचो भला माणूस, पण भित्रा. ओकुमुरा दाराशी उभा होता, मास्क लावूनच.

"सुचेता-सान, उद्या दहा वाजता दुकानात जायचं आहे. तुम्ही आणि मी. काळे कपडे घाला. मिठाईचा खोका मी घेतो. तुम्ही काही बोलायचं नाही, फक्त खोल वाकायचं."

"का?"

शाचोंनी चिठ्ठी पुढे सरकवली. लाल गोल शिक्का. सुचेता.

तिनं चिठ्ठी परत सरकवली. "हा मी मारलेला नाही. गुरुवारी मी शिक्क्याला हात लावत नाही. ओकुमुरा-सानांना विचारा."

ओकुमुरा मास्कमागून म्हणाला, "मिठावर सुचेता-सान आहेत."

"मिठावर मी आहे, पण हे मीठ कुणाचं आहे?" ती उठली. "परत आलेली एक पेटी आणा."

"कशाला आता..."

"आणा म्हणते ना!"

तिचा आवाज बाहेर ऐकू गेला. काप करणाऱ्या बायकांच्या सुऱ्या थांबल्या. अनुराधा नावाची पुण्याची एक मुलगी तिथे पार्ट-टाइम यायची. ती धावत पेटी घेऊन आली. सुचेतानं झाकण उघडलं. शेपटीकडचा एक काप उचलला, बोटात वाकवला. वाकला नाही, वाळक्या पानासारखा मोडला. तिनं तो जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. मग मानेकडचा काप उचलून चाखला. तोही खारट, पण खाता येण्यासारखा.

"शाचो, तुम्ही खा. आधी शेपटी, मग मान."

शाचोंनी खाल्लं. शेपटीच्या घासाला त्यांचे डोळे बारीक झाले. पाणी प्यायले. मग मान चाखली.

"मी शेपटीला नुसता ओला हात पुसते," सुचेता म्हणाली. तिचं जपानी रागात सुधारतं. "हे मीठ शेपटीकडून सुरू झालंय आणि डोक्याकडे जाताना संपलंय. घासत, जोरानं, अख्ख्या माशाला लावतात तसं. आता सांगा, या कारखान्यात असं मीठ लावणारा हात कुणाचा?"

दारापाशी सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या. ओकुमुरा जमिनीकडे बघत होता. बत्तीस वर्षांची सवय त्याच्या हातातून निघालेली नव्हती. नुसती सवय असती तर सुचेतानं सोडूनही दिलं असतं. पण मीठ आपलं आणि शिक्का दुसऱ्याचा, हे सवयीनं होत नाही.

शाचोंनी हळूच पेटी बंद केली. मग काय म्हणाले असतील?

"मला कळलं. पण शिक्का तुमचा आहे. बाहेरच्यांना हा सगळा इतिहास सांगता येत नाही. दुकानाला हा शिक्का ओळखीचा आहे, तो वाकला तरच त्यांचं समाधान होईल. ओकुमुरा-सानांचं वय बघा. एकदा वाका, मी विसरणार नाही. नाहीतर..." ते थांबले. "नाहीतर मिठाचं टेबल मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल."

म्हणजे कळलं, पटलं, तरी वाक! सुचेताला त्या क्षणी ओकुमुरापेक्षा या भल्या माणसाचाच जास्त राग आला. चोर तरी तोंड लपवतो. हा तोंडावर सांगतोय.

ती घरी आली ती चपला आपटतच. श्रावणी, नऊ वर्षांची, खाली बसून गृहपाठ करत होती. सुचेतानं तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "'हे मीठ माझं नाही' हे नीट जपानीत कसं म्हणायचं गं? एकदम व्यवस्थित, व्याकरणासकट."

श्रावणीनं पेन्सिल खाली ठेवली. "आई, असं इथे कोणी म्हणत नाही. सुमिमासेन म्हणायचं असतं, माफ करा म्हणून. मग सगळे सुमिमासेन म्हणतात आणि संपतं."

"मला संपवायचं नाहीये. सांग."

"वाताशी नो शिओ ज्या अरिमासेन," श्रावणी म्हणाली, आणि मग मराठीत, "पण रागानं नको म्हणूस हं."

पंढरीनाथ सातला आला. टाय सोडता सोडता ऐकत राहिला.

"मग वाकून मोकळी हो ना," तो म्हणाला. "आमच्या शाखेत आम्ही दिवसातून वीस वेळा वाकतो. त्यानं कमरेला काही होत नाही."

"अहो, तुम्ही तुमच्या चुकीला वाकता की दुसऱ्याच्या?"

"त्याचा हिशोब कोण ठेवतो? इथली पद्धत आहे ती."

"पद्धत म्हणे! मग तो मुडदा का वाकत नाही? तो तर इथलाच आहे ना?"

"सुचेता, परक्या देशात..."

"परका देश असेल. मीठ परकं नाही. उद्या हर्णैला कळलं की सुचेताच्या हातच्या अकरा पेट्या परत आल्या, तर माझी आई त्या बंदरावर बसायची नाही."

"हर्णैला कोण सांगायला जातंय?"

"मला माहीत असलं म्हणजे झालं!"

भात वाढून घेताना तो म्हणाला, "टेबल जाईल तुझं." ती म्हणाली, "जाऊ दे. पण खोटं वाकून जे राहील ते टेबल माझं नसेल." यावर त्यानं भात कालवायला घेतला. शहाण्या बायकोपुढे तो असाच जेवायला लागतो.

बुधवारी सकाळी कुरोसे शाचो काळा सूट घालून, हातात मिठाईचा खोका घेऊन दाराशी उभे होते. सुचेता आली. अंगावर रोजचे कपडे. तिनं पांढरा डगला चढवला, टोपी घातली, रबराचे बूट घातले, आणि मिठाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सुचेता-सान. चला."

"वाताशी नो शिओ ज्या अरिमासेन," ती म्हणाली. रागानं नको म्हणूस, असं पोरीनं सांगितलं होतं. रागानंच म्हणाली. "दुसऱ्या कुणाला टेबल द्यायचं असेल तर आत्ता सांगा, मी बूट काढते. नाहीतर या चाळीस बाजू माझी वाट बघतायत, मला काम करू द्या."

शाचोंनी घड्याळ बघितलं. मग टेबलाकडे बघितलं. वर्षअखेरीची गर्दी, दुकानाचा अजून सगळा माल जायचा, आणि मीठ लावणारा दुसरा हात कुठला? शेपटीकडून डोक्याकडे जाणारा? शेवटी त्यांनी मागे वळून न बघता म्हटलं, "ओकुमुरा-सान, कोट घाला."

ओकुमुरानं मास्क काढला, खुंटीवरचा काळा कोट घातला. एक बटण चुकलं, परत काढून लावलं, असं अनुराधा सांगते. सुचेतानं बघितलं नाही. ती मीठ लावत होती.

दुकानात काय झालं ते नंतर कळलं. दोघं कमरेतून वाकले, बराच वेळ तसेच राहिले. ओकुमुरानं सांगितलं की मीठ मी लावलं होतं आणि शिक्का मी मारला. खरेदीचा माणूस म्हणाला, अकरा पेट्या बदलून द्या, शनिवारच्या आत. संपलं. म्हणजे खरं सांगता येतं बरं का! बाहेरच्यांना सगळा इतिहास सांगता येत नाही म्हणे.

अकरा पेट्यांचा नवा माल गुरुवारी, अठरा तारखेला, तयार झाला. मीठ सुचेताचं, मंगळवारचं, धूर बुधवारच्या रात्रीचा. दुपारी दोनला शाचो स्वतः तिच्याकडे आले. "एक काप, सुचेता-सान. एवढ्याच्यासाठी. गाडी चारला येते."

"आज गुरुवार आहे."

"देवी समजून घेईल."

"देवीचं मला ठाऊक नाही. गेल्या गुरुवारी माणसांनी किती समजून घेतलं ते बघितलंय मी. गाडीला सांगा उद्या यायला. मी आठला येते."

तिनं आपला शिक्का मंगळवारपासूनच पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली होती. शाचोंनी जाऊन फोन केला. पेट्या रात्रभर थंड खोलीत थांबल्या. शुक्रवारी सकाळी आठला सुचेतानं उपाशीपोटी अकराच्या अकरा ट्रेमधला एकेक काप खाल्ला, शेपटीकडचासुद्धा, आणि शिक्के मारले. त्यातली एकही परत आली नाही. पावश्यांच्या घरची पाटी परत येत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं.

पण तिला जे हवं होतं ते मिळालं का? शाचोंनी दुसऱ्या दिवशी तिला एक खोका नाशपाती दिल्या, खोल वाकून. कशाबद्दल ते बोलले नाहीत. त्या देशात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक एकमेकांपुढे वाकतात, धक्का लागला तरी माफी, पाऊस पडला तरी माफी. दुकानाची माफी झाली, पेटी पाठवणाऱ्याची झाली, त्याच्या साहेबाच्या सासऱ्याचीसुद्धा झाली. जिच्या नावाचा शिक्का चोरून मारला तिची कुणी मागितली नाही.

नाताळाच्या आदल्या दिवशी, गर्दी उतरल्यावर, ओकुमुरा मिठाच्या टेबलापाशी आला. मास्क नव्हता. डगल्याच्या बाह्या दुमडलेल्या. बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिला.

"शेपटीला," तो शेवटी म्हणाला, "हात किती ओला घेता?"

सुचेतानं मान वर केली नाही. मुठीतून मीठ सोडलं, जाड भागावर, मग पोटाकडे. शेपटीपाशी आली तेव्हा तिनं अंग वळवलं, पाठ त्याच्याकडे केली, आणि त्या आडोशात हात फिरवला. त्याला दिसलं नाही. तो उभाच होता. तिनं पुढची बाजू ओढली, त्यालाही तसंच केलं. तिलाही ठाऊक होतं की हा माणूस मासा ओळखतो, एका दिवसात शिकेल. त्याच्या तोंडातून माफीचा एक शब्द निघाला असता तर त्याच दुपारी तिनं त्याला मनगट धरून दाखवलं असतं.

तिनं काही तोंड उघडलं नाही. आधी उघडायची पाळी त्याची होती.